एका वर्गात अनेक घरं: गोष्टींची पुस्तकं आणि पडद्यावरच्या गोष्टी वापरायच्या कशा

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिसरीच्या वर्गात मी एक गोष्ट वाचायला घेतली. कपाटात हाताला लागलं ते पुस्तक, आधी चाळलंसुद्धा नव्हतं. गोष्टीत गावाबाहेर काही माणसं पालं ठोकून राहतात, रात्री वाड्यात चोरी होते आणि सकाळी बघावं तर पालं उठलेली. वाचता वाचता माझी नजर खिडकीपाशी बसलेल्या मुलावर गेली. तो पारधी वस्तीवरून यायचा. रडला नाही, काही बोलला नाही, पाटीवर पेन्सिलीने एकच रेघ गिरवत राहिला. मागच्या रांगेतलं कुणीतरी त्याच्याकडे बघून हसलं. पुढचे आठ दिवस तो शाळेत आला नाही.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि पारधींसह कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा गेला. गोष्टींमधला शिक्का तसाच राहिला होता आणि त्या दिवशी तो माझ्या आवाजात त्या मुलापर्यंत पोहोचला. मी त्याच्या वस्तीवर गेले, आईशी बोलले, त्याला परत आणलं. तेव्हापासून कुठलंही पुस्तक वर्गात नेण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: ही गोष्ट ज्या माणसांबद्दल आहे त्यांचं मूल समोर बसलेलं असताना मला ती मोठ्याने वाचता येईल का?

नुकतेच शिक्षणसेवक म्हणून रुजू झालेले बरेच जण विचारतात की अवांतर वाचन घ्यायचं तर सुरुवात कुठून करायची, मोबाइलवरच्या गोष्टी चालतात का, आणि अभ्यासक्रम कधी संपवायचा. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात गावातली, तांड्यावरची म्हणजे बंजारा वस्तीवरची आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं एकत्र असतात. त्या वर्गात जे जमलं आणि जे चुकलं त्यावरून हे लिहिते आहे.

पायरी पहिली: पुस्तकांच्या आधी मुलांची घरं

एक साधी वही घ्या आणि प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे दाखल मुलांच्या नोंदवहीत, जात आणि जन्मतारीख असते, आपल्याला हवं ते तिथे नसतं. घरात कोणती भाषा बोलतात? दिवाळीनंतर घरातलं कोण कोण कामासाठी गावाबाहेर पडतं? मूल आजीजवळ राहतं का? घरात कुणाला दिसत नाही किंवा चालता येत नाही का? घरी स्मार्टफोन आहे का आणि तो दिवसभर कुणाच्या खिशात असतो? हे एका बैठकीत विचारून फॉर्मसारखं भरू नका. महिनाभर परिपाठात, मधल्या सुट्टीत, घरी गेल्यावर कानावर पडेल तसं टिपत जा. जातीबद्दल वर्गात कधीही विचारू नका.

माझा एक आवडता प्रश्न आहे, तो जरूर वापरा. ‘सकाळी डोळे उघडायच्या आधी घरात पहिला आवाज कशाचा येतो?’ कुणी म्हणतं मोटारीचा, कुणी बापाच्या खोकल्याचा, कुणी शेळीचा. एक मुलगी म्हणाली, “याडी चुलीतली राख वढती, त्याचा.” बाकीची मुलं बघायला लागली. तिने समजावलं, “आमी आईला याडी म्हणताव.” ती तांड्यावरून यायची, घरी गोरबोली, म्हणजे बंजारा समाजाची भाषा. दोन वर्षं शाळेत होती आणि हा शब्द वर्गात पहिल्यांदाच उच्चारला गेला. मी तिच्या पानावर तो लिहून ठेवला. पुढे फार कामाला आला.

वही भरली की तुम्हाला कळेल आपल्या वर्गात किती प्रकारची घरं आहेत. पुस्तकं शोधायची ती ही वही समोर ठेवून.

पायरी दुसरी: कपाटाचं कुलूप

बहुतेक शाळांत पुस्तकं असतात. ती कपाटात असतात आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. यामागे भीती असते: पुस्तक फाटलं, हरवलं तर डेडस्टॉकमध्ये, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, दाखवायचं काय? ही भीती खोटी नाही, त्यामुळे मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या की गोष्टींची पुस्तकं मुलांच्या हातात दिली जातील, वापरून फाटलेली पुस्तकं वर्षाअखेर रीतसर निर्लेखित केली जातील, म्हणजे नोंदीतून कमी केली जातील. ठराव इतिवृत्तात आला की सगळ्यांच्याच मनावरचं ओझं उतरतं. आमच्याकडे ठराव झाला त्या महिन्यात किल्ली माझ्याकडे आली.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. पहिलंच सूत्र असं की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक; तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ठराव मांडताना मी ही तीन सूत्रं वाचून दाखवली होती. समितीतल्या एका आजोबांनी ती दोनदा वाचायला लावली.

कुलूप निघालं की पुस्तकं जमिनीवर पसरा आणि एक दुपार काढून बघा. गोष्टीत स्वयंपाक कोण करतं आणि झाडावर कोण चढतं? घरं कुठली आहेत: फ्लॅट, वाडा, झोपडी, ऊसतोड कामगारांची पाचटाची कोपी? झोपडी असेल तर त्यातली माणसं फक्त दया येण्यापुरती आहेत की हसतात, भांडतात, डोकं चालवतात? काळ्या रंगाची मुलगी चित्रात आहे का आणि ती काय करते आहे? मुसलमान घरातलं मूल ईदशिवाय एरवीही गोष्टीत दिसतं का? कुबड्या घेऊन चालणारं मूल गोष्टीच्या शेवटी बरंच व्हायला हवं, असा हट्ट लेखकाने धरला आहे का? मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा साठ-पासष्ट पुस्तकांत शेतमजुराच्या घरातलं मूल मुख्य पात्र असलेली दोनच निघाली, आणि दोन्हींत ते मूल शेवटी शहरातल्या दयाळू काकांमुळे सुखी होतं.

अशी पुस्तकं फेकायची नाहीत. लहानांना वाचून दाखवायची नाहीत, एवढंच. पाचवीच्या पुढच्या मुलांबरोबर ती वाचून ‘हे असंच असतं का?’ असं विचारता येतं आणि तो तास फार चांगला होतो.

अमेरिकेतल्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये म्हटलं होतं की पुस्तक मुलाला आरसा होतं, खिडकी होतं आणि कधी सरकवून आत जाता येईल असं काचेचं दार होतं. त्या तिथल्या कृष्णवर्णीय मुलांबद्दल बोलत होत्या. माझ्या वर्गाला ते तंतोतंत लागू पडतं. गावातल्या पाटलाच्या नातवाला आरसे भरपूर मिळतात, त्याला खिडक्या हव्यात. तांड्यावरच्या मुलीला वर्षातून निदान दोन-तीन पुस्तकं अशी मिळायला हवीत की तिने म्हणावं, हे तर आमच्याकडचंच आहे.

पायरी तिसरी: पुस्तकं मिळवायची कुठून

इथे फार वेळ घालवू नका, तीस चांगली पुस्तकं वर्षभर पुरतात. राष्ट्रीय पुस्तक न्यास १९५७ पासून आहे; त्यांच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली पुस्तकं परवडतात आणि देशभरातल्या गोष्टी मराठीत मिळतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं बघाच, विशेषतः माधुरी पुरंदरे यांची. त्या लिहितातही आणि चित्रंही काढतात, त्यामुळे शब्दात नसलेलं कितीतरी चित्रात सापडतं. प्रथम बुक्स आणि चेन्नईचं तुलिका यांची मराठी पुस्तकं आहेत. हिंदी वाचणारी मुलं असतील तर भोपाळच्या एकलव्यची पुस्तकं आणि त्यांचं ‘चकमक’ मासिक मागवा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या अंकातली जाहिरात किंवा मुखपृष्ठ मोठ्या मुलांना दाखवून बघा, काय काय विचारतात ते.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी निधी येतो. तो येईल तेव्हा यादी आपल्याकडे तयार हवी, नाहीतर गठ्ठा म्हणून जे येईल ते कपाटात जातं. आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळांशी बोलून पुस्तकं महिनाभरासाठी अदलाबदल करा. आम्ही चार शाळा हे करतो. पिशवी दुचाकीवरून फिरते.

पायरी चौथी: मोठ्याने वाचणं

सगळ्यात जास्त तयारी इथे लागते आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. रोज पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मी मधल्या सुट्टीनंतरची वेळ घेते. पोट भरलेलं असतं, उन्हातून आलेली मुलं बसायला तयार असतात.

आदल्या दिवशी घरी पुस्तक मोठ्याने वाचा, मनात वाचून भागत नाही. जीभ कुठे अडते, कुठला शब्द मुलांना परका वाटेल, कुठे पान उलटण्याआधी थांबायचं, हे आवाज काढल्याशिवाय कळत नाही. थांबायच्या दोन जागा ठरवा, दोनच. सारखं थांबून प्रश्न विचारले की गोष्टीचं मातेरं होतं.

वर्गात बाक बाजूला सारा, सतरंजीवर अर्धगोलात बसवा. पुस्तक छातीशी धरू नका. कानाच्या रेषेत एका हाताने उघडं धरा, म्हणजे वाचताना चित्र मुलांकडे राहतं. आधी मुखपृष्ठ. लेखकाचं नाव वाचा, चित्रकाराचंही वाचा; चित्रं कुणीतरी काढतं हे पुष्कळ मुलांना माहीतच नसतं. मग घाई न करता वाचा. शिक्षक म्हणून आपल्याला वाक्यावाक्याला शब्दार्थ सांगायची सवय असते, ती या वीस मिनिटांत आवरा. चित्रातून आणि पुढच्या वाक्यातून मुलं अर्थ लावतात. लागला नाही तर विचारतात.

गोष्ट संपल्यावर ‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न विचारू नका. हे मी हात जोडून सांगते. तो प्रश्न आला की मुलं गोष्ट सोडून आपल्याला काय ऐकायचं आहे ते शोधू लागतात आणि सगळ्या गोष्टींचं उत्तर ‘खरं बोलावं’ हेच येतं. त्याऐवजी म्हणा, ‘काय दिसलं?’ किंवा ‘कुठलं पान परत बघायचं?’ कधी काहीच विचारू नका, पुस्तक मधे ठेवून द्या आणि बाजूला व्हा.

एकदा मी बांधकामावर राहणाऱ्या कुटुंबाची गोष्ट वाचली. चित्रात पत्र्याची खोली होती. चौथीतला एक मुलगा उठून पुढे आला आणि बोट ठेवून म्हणाला, “मॅडम, आमची कोपी अशी न्हाई. कोपीत वाकून जावं लागतं.” मी म्हटलं, दाखव. त्याने खराट्याच्या काड्या जमिनीत रोवून कमान केली, वरून वाळलेलं पाचट पसरलं, आत काडेपेटीची चूल मांडली. मग दार कुठल्या बाजूला, वारं कुठून येतं, बैल कुठे बांधायचे, रात्री कारखान्याचा भोंगा कसा ऐकू येतो, हे सगळं सांगत बसला. हा मुलगा वाचनात मागे म्हणून माझ्या यादीत होता. त्या दिवशी वीस मिनिटं तो सलग बोलला आणि गावातली मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या वाक्यांचे आम्ही तक्ते केले, आणि ते वाचायला तो अडखळला नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. तो आपणहून उठला होता. ‘आता तू तुमच्या तांड्याबद्दल सांग’ असं कुणालाही सगळ्यांसमोर म्हणू नका. एका मुलाच्या डोक्यावर सगळ्या समाजाचं ओझं ठेवायचं नसतं.

एक पुस्तक आठवड्यात तीनदा वाचा. पहिल्यांदा मुलं ऐकतात, दुसऱ्यांदा चित्रांत शिरतात, तिसऱ्यांदा आपल्याबरोबर म्हणू लागतात. चौथ्या दिवशी कुणाला तरी आपल्या घरच्या भाषेत ती गोष्ट सांगायची असेल तर सांगू द्या. गोरबोलीत सांगितलेली गोष्ट मराठी मुलांना बरीचशी कळते, कारण ती गोष्ट त्यांना आधीच माहीत असते. पालघर जिल्ह्यात काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ संस्थेने ‘गोष्टरंग’ नावाने पुस्तकांतल्या गोष्टी नाटकासारख्या शाळांमधून सादर केल्या आहेत. आपण नट नसलो तरी एक ओढणी, एक काठी आणि तीन मुलं एवढ्यावर वर्गात तसं काही करता येतं.

पायरी पाचवी: पडद्यावरच्या गोष्टी

आमच्याकडे लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही आहे. वीज कधी असते, कधी नसते. रेंज मैदानातल्या लिंबाखाली येते. तुमच्याकडे याहून बरं असेल किंवा वाईट असेल, नियम एकच: वर्गात इंटरनेटच्या भरवशावर राहायचं नाही. गोष्ट घरून उतरवून आणायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची, शाळा भरण्याआधी टीव्हीवर उघडून बघायची. काही टीव्हींवर पीडीएफ उघडत नाही. अशा वेळी पानांची चित्रं करून क्रमाने एका फोल्डरमध्ये ठेवली की काम होतं.

सुरुवात ‘स्टोरीवीव्हर’ या गोष्टींच्या संकेतस्थळापासून करा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये हा उपक्रम सुरू केला. मराठीत भरपूर गोष्टी आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या. पहिल्या पातळीत पानावर एखाद-दुसरं सोपं वाक्य असतं. गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. याचा अर्थ उतरवून घ्या, छापा, भाषांतर करा, बदलासुद्धा. मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवायचं, एवढी अट. पातळीचा आकडा बघून थांबू नका, गोष्ट पूर्ण वाचा. तिथे कुणीही भाषांतर टाकू शकतं, त्यामुळे काहींची मराठी ओबडधोबड आहे. वाक्य बोलल्यासारखं वाटलं नाही तर ती गोष्ट सोडा किंवा स्वतः नीट करून घ्या.

दीक्षा हे शालेय अभ्यासाचं सरकारी ऑनलाइन व्यासपीठ २०१७ पासून आहे आणि बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड तिथेच नेतात. धड्याला जोड म्हणून ते वापरा. जुनं साहित्य मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात सापडतं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे. याउलट हयात लेखकाच्या पुस्तकाची अख्खी पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असेल तर ती पुढे पाठवू नका. मराठी मुलांसाठी लिहिणारे आणि छापणारे मोजकेच आहेत, आपणच त्यांची पुस्तकं अशी वाटली तर ते जगणार कसे?

पडद्यावर गोष्ट दाखवताना मी आवाज बंद ठेवते. आधी नुसती चित्रं, एकेक पान, पान पुढे सरकवायचं काम एका मुलाकडे. मग मी माझ्या आवाजात वाचते. मग शब्दांवर रंग सरकत जाणारी ध्वनी-गोष्ट असेल तर ती लावते आणि मुलं तिच्याबरोबर वाचतात. थेट ध्वनी लावून आपण हजेरीपत्रक भरत बसलो तर तो टीव्ही बघण्याचा तास होतो. यूट्यूबवरच्या हलत्या चित्रांच्या गोष्टींबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कधीमधी करमणूक म्हणून ठीक, वाचन म्हणून नको. तिथे मुलाला थांबायची, मागच्या पानावर जायची, चित्रात बोट घालायची मुभा नसते. शिवाय मधे जाहिरात काय येईल सांगता येत नाही.

पडद्याचा खरा फायदा मला वेगळ्याच ठिकाणी दिसला. स्टोरीवीव्हरवर कोरकू आणि गोंडीतल्या, कोकणीतल्याही गोष्टी आहेत. छापील स्वरूपात त्या माझ्यापर्यंत कधी आल्या नसत्या. एक दिवस मी मेळघाटातल्या कोरकू भाषेतली गोष्ट लावली, देवनागरीत लिहिलेली. मुलांना अक्षरं सगळी येत होती, अर्थ एकाचाही नाही. सगळा वर्ग मोठ्याने वाचतो आहे आणि कुणालाच काही कळत नाही! मग चित्रांवरून शब्द ओळखणं सुरू झालं. ‘हे पाणी असणार, तीनदा आलंय.’ गावातली हुशार मुलं त्या दिवशी पहिल्यांदा त्या जागी बसली होती जिथे तांड्यावरची मुलं पहिलीत पहिल्या दिवशी बसतात. तास संपल्यावर ती याडीवाली मुलगी माझ्याजवळ आली. “मॅडम, मंग आमची भाषा बी लिहिता येती का?”

आपल्या वर्गात न दिसणारं किंवा छापील अक्षर वाचू न शकणारं मूल असेल तर ‘सुगम्य पुस्तकालय’ माहीत करून घ्या. २०१६ पासून हे ऑनलाइन ग्रंथालय आहे आणि अशा वाचकांना वापरता येतील अशा स्वरूपात तिथे पुस्तकं मिळतात. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना सोबत घेऊन नोंदणी करा.

पायरी सहावी: मुलांची स्वतःची पुस्तकं

त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही पुस्तक केलं. एक मोठा कागद घडी घालून आठ पानांची वही. प्रत्येक पानावर चित्र, खाली मराठी वाक्य, त्याखाली वेगळ्या रंगाच्या पट्टीवर गोरबोली. गोरबोली तिच्या आईला विचारून लिहिली. आई सांगायची, मी देवनागरीत उतरवायची, ते ऐकून आई दुरुस्त करायची. आईला स्वतःला वाचता येत नव्हतं. मुलीने वाचून दाखवलं तेव्हा तिने एक शब्द बदलायला लावला आणि तो बदल बरोबर होता.

मोबाइल इथे फार उपयोगी पडतो. पानांचे फोटो घ्या, मुलाच्या आवाजात वाचन रेकॉर्ड करा, दोन्ही पालकांना पाठवा. छापील पुस्तकात घरची भाषा नसेल तर पानाच्या तळाशी कागदाची पट्टी गोंदाने चिकटवून तिच्यावर ती वाक्यं लिहा. अशी पट्टी लावलेली चौदा पुस्तकं आज आमच्या पेटीत आहेत आणि तीच सगळ्यात जास्त मळलेली आहेत.

पाचवीच्या पुढच्या वर्गांना मुक्ता साळवेबद्दल जरूर सांगा. फुले दांपत्याच्या शाळेतली ही मातंग समाजातली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला. शाळेत जाणाऱ्या मुलीने आपल्या लोकांचं जगणं स्वतःच्या शब्दांत मांडलं आणि ते छापून आलं, हे ऐकल्यावर माझ्या वर्गातल्या मुलींनी वह्या काढल्या होत्या. तो निबंध मिळवून त्यातले उतारे मोठ्याने वाचा. भाषा जुनी आहे, थोडं थांबत वाचावं लागेल.

अडचणी येतील त्या

मुलं हसतील. चित्रातल्या काळ्यासावळ्या मुलीला बघून आमच्याकडेही ‘काळी, काळी’ झालं. लगेच भाषण देऊ नका. मी पान पुढे नेलं नाही, तिथेच थांबले आणि विचारलं, ‘ती काय करतेय?’ ती विहिरीत सूर मारत होती. कोण कोण पोहतं, कुणी शिकवलं, यावर गाडी गेली. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत मी मुद्दाम अशी तीन पुस्तकं लावली. हसू आपोआप थांबलं. पण कुणी वर्गातल्या मुलाकडे बोट दाखवून हसलं तर तिथे गोष्ट थांबवा, त्या मुलाच्या बाजूने स्पष्ट बोला आणि हसणाऱ्याशी नंतर एकट्याशी बोला.

पालक विचारतील, धडे कधी शिकवता? त्यांना सांगा की २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टच आहे की तिसरीच्या अखेरीस मुलाला समजून वाचता यावं. त्याहून चांगलं म्हणजे पालकसभेत त्यांच्याच मुलाला दोन पानं वाचायला लावा.

कधी एखाद्या पुस्तकावर आक्षेप येतो. आमच्याकडे आला तो गोष्टीत घरी मासे शिजतात म्हणून. मी वाद घातला नाही. समितीच्या बैठकीत ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मुलांना वाचते तसं वाचून दाखवलं. ऐकीव माहितीवर तापलेली माणसं गोष्ट ऐकल्यावर निवली. दोघांनी घरी न्यायला मागितलं. पुस्तक निवडण्याची जबाबदारी आपली आहे, म्हणून निवडीचं कारण वहीत एका ओळीत लिहून ठेवत जा. विचारलं तर सांगता येतं.

पायरी सातवी: दिवाळीआधीची पिशवी

ऊसतोडीचा भाग नसेल तर तुमच्याकडे वीटभट्टी असेल, मासेमारी असेल, मेंढरांमागे जाणं असेल. मुलं वर्षातले काही महिने नसतात. हंगामी वसतिगृहाचा पर्याय आधी बघा, म्हणजे मूल गावातच नातेवाइकांकडे राहून शाळेत येऊ शकतं. तरीही काही मुलं जातातच. ऊसतोड मजुरांची टोळी निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक जाणाऱ्या मुलासाठी कापडी पिशवी भरा: दोन वाचलेली पुस्तकं, एक न वाचलेलं, एक कोरी आठ पानांची वही आणि पेन्सिल. वाचलेली पुस्तकं यासाठी की ती मूल एकट्याने वाचू शकतं, धाकट्या भावंडालाही वाचून दाखवतं. वडिलांच्या फोनवर तीन-चार गोष्टींचा आवाज पाठवून ठेवा आणि त्यांच्यासमोरच एकदा लावून दाखवा, नाहीतर ती फाइल कधी उघडत नाही. दर रविवारी संध्याकाळी एक गोष्ट पाठवा. रविवारीच, कारण माझ्या अनुभवात त्या दिवशी फोन मुलांच्या हातात येण्याची शक्यता जास्त असते. नाही आला तर तगादा लावू नका.

देवघेव वहीत या पुस्तकांपुढे परतीची तारीख लिहू नका, नुसतं ‘हंगामानंतर’ लिहा. गेल्या मे महिन्यात सहा पिशव्यांपैकी पाच परत आल्या. एका पुस्तकाला चुलीच्या धुराचा वास होता, मुखपृष्ठावर मळीचा डाग होता. ते मी निर्लेखनाच्या यादीत घातलेलं नाही. कोऱ्या वहीत सहा पानं भरलेली होती. त्यांतल्या शेवटच्या पानावर कारखान्याची चिमणी आणि खाली एक वाक्य, ‘इथं मी तीन पोरांना गोष्ट वाचली.’ जूनमध्ये पहिल्या दिवशी तीच वही मी वर्गात वाचली.